गणंग

रविवारची मिसळ आमच्या घरी शुक्रवारी रात्री सुरू होते. मटकी भिजत घालायची, शनिवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायची आणि पुरचुंडी ओट्याच्या उबदार कोपऱ्यात सरकवून द्यायची. मिसळीबद्दल ठाम मत नसलेला ठाणेकर मला अजून भेटायचा आहे. आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, तर नौपाड्यात जन्मलेले. कट कसा हवा यावर ते अर्धा तास बोलू शकतात. पण तीन वर्षांपूर्वी जूनमधल्या एका रविवारी ते दुसऱ्याच घासाला गप्प झाले. गालावर हात, डोळे मिटलेले. मग तोंडातून दोन वस्तू काढून त्यांनी ताटाच्या कडेला ठेवल्या. एक दाढेवरची कॅप, एक मटकीचा दाणा. कॅपचे दोन तुकडे झाले होते. दाणा जसाच्या तसा.

‘गणंग,’ अण्णा म्हणाले.

कोणी गणंग म्हणतं, कोणी कुचर. भिजत नाही, फुगत नाही, शिजत नाही असा दाणा. आपल्या भाषेने या दाण्याला कधी माया दाखवलेली नाही. उनाड मुलाला गणंग म्हणायचं आणि अंगचोरपणाला कुचराई.

‘झोपलाय तो, अण्णा,’ मी म्हणाले. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेलं असं कधीतरी वर येतं.

‘झोपलाय तर ताटात कशाला आला?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. डेंटिस्टचं बिल आलं तेव्हा तर अजिबातच नव्हतं. पण मोडाची वाटीभर मटकी अजून फ्रिजमध्ये कच्ची होती. रात्री ती ताटात पसरून एकेक दाणा चिमटीत दाबत गेले. अकरा गणंग निघाले. मोडांच्या गर्दीत कोरडे, तुकतुकीत, जणू आत्ताच वाण्याच्या पोत्यातून आलेत. त्यांतले पाच घेऊन, दाण्याच्या डोळ्याच्या विरुद्ध बाजूने, नखं घासायच्या कानशीवर तीन-चारदा घासले. टरफलावर फिकट ठिपका दिसला की थांबायचं. पाण्यात टाकले. सकाळी पाचही टरारून फुगलेले, दुसऱ्या दिवशी पाचही मोडांसकट. उरलेले सहा न घासता बाल्कनीतल्या एका रिकाम्या कुंडीत पुरले आणि कुंडीवर खडूने ‘६’ लिहिलं.

तेव्हा कबूल करायला हवं की मी अण्णांना चुकीचं सांगितलं होतं. तो दाणा झोपलेला नव्हता, कोंडलेला होता. मटकी, मूग, कुळीथ यांच्या टरफलात उभ्या पेशींचा एक थर असतो, दाराच्या फळ्या एकमेकींना घट्ट भिडवाव्यात तसा. फट म्हणून नाही. पाणी शिरायला जागाच मिळत नाही. या कुळातली गंमत बीच्या डोळ्यात असते, शेंगेला बी जिथे चिकटलेली असते त्या खुणेत. १९५४ साली हाइड नावाच्या संशोधकाने याच कुळातल्या क्लोव्हर आणि ल्युपिनच्या बिया तपासून दाखवलं की ही खूण झडपेसारखी चालते. बाहेरची हवा कोरडी असली की फट उघडते आणि आतला ओलावा निघून जातो. हवा दमट झाली की फट मिटते. बाहेर जायची वाट आहे, आत यायची नाही. दाणा जितका पिकतो तितका आणखी कोरडा होत जातो आणि दार आणखी घट्ट बसत जातं. मग उन्हाळ्यांतली तापणारी दुपार आणि निवणारी रात्र त्या टरफलाला एखाद्या नाजूक जागी तडा देते, कोणाला पहिल्या वर्षी, कोणाला चौथ्या. रानातल्या कडधान्यांमध्ये बहुतेक दाणे असेच असतात. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पेरताना लगेच उगवणारे तेवढे निवडले आणि बाकीच्यांना नाव ठेवलं. (डाळ शिजत नाही म्हणून कुकरला शिव्या घालणाऱ्यांसाठी: ते प्रकरण वेगळं. दमट गरमीत फार दिवस साठवलेलं धान्य शिजायला कुरकुरतं, त्याचा या दाराशी संबंध नाही.)

खरी झोप याच्या आत असते. टरफल सोला, पाणी द्या, हवा द्या, ऊब द्या, तरी कोंब येत नाही, ती झोप. माझा एके काळचा विषय हाच होता. १९९५ साली मी एम.एस्सी. झाले, मग बँकेची परीक्षा दिली आणि पुढची सत्तावीस वर्षं कर्जाच्या फायली तपासण्यात गेली.

झोपेच्या द्रव्याचं बारसंच गडबडीत झालेलं आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत कापसाची बोंडं का गळतात हे शोधणाऱ्यांना एक द्रव्य सापडलं, त्यांनी गळण्यावरून नाव दिलं. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये झाडांच्या कळ्या हिवाळ्यात का निजतात हे शोधणाऱ्यांना एक सापडलं, त्यांनी निजण्यावरून ‘डॉर्मिन’ म्हटलं. दोन्ही एकच निघाली. १९६७ साली गळण्याचं नाव कायम झालं, ॲब्सिसिक आम्ल. आणि पुढे कळलं की गळण्याशी त्याचा संबंध बेताचाच, ते काम मुख्यतः इथिलीन वायूचं. पण चिकटलेलं नाव निघत नाही. आपल्याकडेही ऐंशी वर्षांचे ‘बाळकाका’ असतातच.

आमच्या वेळी वहीत एक ओळ होती: ‘या आम्लाचा ग्राही रेणू अज्ञात.’ म्हणजे निरोप येतो हे ठाऊक, तो घेतं कोण हे नाही. २००६ साली एकाने घेणारा सापडल्याचं जाहीर केलं आणि २००८ मध्ये तो निबंध मागे घ्यावा लागला. २००९ साली मात्र अमेरिका आणि जर्मनीतल्या दोन गटांना एकाच वेळी तो खरोखर सापडला. मला हे कळलं दोन-तीन वर्षं उशिरा, सकाळच्या लोकलमध्ये. शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलीच्या नोट्समध्ये मी डोकावत होते. न राहवून विचारलं. तिने भांडुप येईपर्यंत समजावलं आणि शेवटी ‘काकू, तुम्ही टीचर आहात का?’ असं विचारून मला उगाच दिवसभर अस्वस्थ केलं.

तिने सांगितलेलं मी माझ्या भाषेत सांगते. घरात एक बोलकी सून आहे. ती बोलली की घरातले सगळे व्यवहार बदलतात. पण तिच्या तोंडावर सासूचा हात आहे. सून म्हणजे एक किनेज, सासू म्हणजे एक फॉस्फेटेज, दोन्ही पेशीतली प्रथिनंच. (आमच्या घरातलं नाही हं हे.) आता ॲब्सिसिक आम्ल येतं ते सुनेला भेटायला जातच नाही. ते एका लांबच्या आत्याच्या, म्हणजे त्या ग्राही रेणूच्या, कुशीत जाऊन बसतं. आत्याला बळ येतं आणि ती जाऊन सासूचाच हात धरून ठेवते, ‘अहो वहिनी, बसा की जरा.’ सून मोकळी होते आणि हुकूम सोडते: कोंब नाही, वाढ नाही, साठा जपा. रेणूंच्या जगात नेहमी असंच असतं, काम सुरू करायचं तर कोणाला तरी अडवणाऱ्याला अडवायचं.

या आम्लाच्या विरुद्ध ओढणारं द्रव्य म्हणजे जिबरेलिन. ते जपानी लोकांना भाताच्या रोगात सापडलं. ताडमाड वाढून कोलमडणाऱ्या रोपांना जपानी शेतकरी ‘वेडं रोप’ म्हणत. १९२६ साली कुरोसावा यांनी दाखवलं की हा एका बुरशीच्या स्रावाचा प्रताप आहे. पुढे लक्षात आलं की तेच द्रव्य झाडं स्वतःही बनवतात आणि दाण्याला जागं करायला तेच लागतं. कोंबाकडून जिबरेलिन निघतं, दाण्याच्या कडेच्या थराला सांगतं की पिष्ट फोडायला घ्या, आणि खाणावळ सुरू होते. एकाने दाबून धरायचं, दुसऱ्याने ओढायचं. मला यातली एक गोष्ट विशेष वाटते. गाढ निजलेला दाणा भिजल्यावरही ॲब्सिसिक आम्ल नव्याने बनवत राहतो. ते बनवणं थांबलं, असलेलं मोडीत निघालं, की जाग येते. म्हणजे दाण्याला झोप लागत नाही, ती टिकवावी लागते.

ती टिकली नाही तर काय होतं, हे मला मुरबाडच्या मामाने सांगितलं. दिवाळी २०१९. लक्ष्मीपूजनाचा दिवस, २७ ऑक्टोबर. अरबी समुद्रात क्यार नावाचं वादळ उठलं होतं. ते किनाऱ्याला लागलं नाही, ओमानच्या दिशेने गेलं, पण पाऊस जायचं नाव घेईना. मी पणत्या मांडत होते आणि मामाचा फोन आला.

‘कापणी झाली का रे?’ मी विचारलं.

‘कापायला उभं पाहिजे ना. आडवं झालंय सगळं. आणि लोंब्यांतच उगवलंय.’ मग जरा थांबून म्हणाला, ‘घट बसल्यागत दिसतंय बघ शेत.’

नवरात्रात आपण परडीत माती घालून धान्य पेरतो, रोज पाणी शिंपडतो आणि नवव्या दिवशी हातभर पिवळट-हिरवे तुरे बघून हरखतो. घट चांगला आला की वर्ष चांगलं. मामाच्या शेतात न पेरता घट आला होता, महिनाभर उशिरा, आणि तो सगळ्या वर्षाचा भात होता. पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा मी लोंबी हातात घेऊन पाहिली. दाणा न्‌ दाणा पांढऱ्या कोंबाने फुटलेला. आतल्या पिष्टाची खाणावळ चालू झालेली. थोडं भात वाळवून गिरणीवर नेलं, त्याची कणीच झाली. मामी तीही चाळून ठेवत होती.

मामाचं भात हळवं, लवकर तयार होणारं. गरवं भात अशा वेळी अजून हिरवं असतं, निभावतं. हळवं नेमकं परतीच्या पावसात पिकून उभं राहतं. पूर्वी म्हणे इतकं उगवत नसे. आठवणींवर किती विसंबावं हा प्रश्न आहेच, पण या बाबतीत ‘पूर्वी’ला थोडा आधार आहे. २०१० साली जपानी संशोधकांनी भातात एसडीआर-४ नावाचा जीन शोधला, दाण्याच्या झोपेचा. झोप गाढ करणारं त्याचं रूप त्यांना कसालथ या भारतीय वाणात मिळालं. निप्पोनबारे या जपानी वाणात ते रूप दुबळं होतं. पिकं माणसाळताना झोप अशी हळूहळू झिजत आली. कोणी ठरवून काढली नाही. जूनमध्ये राबात टाकलेलं बी सगळं एका दमात वर यावं, एवढंच प्रत्येकाला हवं होतं. शेतकऱ्याची मागणी मोठी अवघड आहे: ऑक्टोबरात ओल्या लोंबीवर बीने गाढ झोपावं आणि त्याच बीने जूनमध्ये हाक मारल्याबरोबर उठावं.

कणगीतल्या महिन्यांमध्ये हे जवळजवळ साधतंसुद्धा. भाताचं बी वाळवून ठेवलं की उन्हाळ्यापर्यंत त्याची झोप आपोआप उतरते. पाणी नाही, पेशींची हालचाल जवळपास बंद, आणि तरी आत काहीतरी उलगडत असतं. हे काय असावं याचा एक धागा ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या तणात मिळाला. तिथे २००६ साली ‘डीओजी-१’ हा जीन हाती लागला, त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थच ‘उगवायला उशीर’. त्याचं प्रथिन कोरड्या बीत तसंच राहतं, प्रमाण फारसं घटत नाही, पण दिवस जातात तसं ते निकामी होत जातं. बी किती काळ पडून आहे हे त्या प्रथिनाच्या म्हातारपणावरून ठरतं म्हणायचं. आणि ते किती बनावं हे बी आईच्या अंगावर पिकत असताना हवा किती गार होती यावर अवलंबून असतं. गारव्यात पिकलेली बी जास्त निजते. आईला वाजलेल्या थंडीचा हिशोब लेकराच्या झोपेत.

मामाने त्या वर्षी बियाण्यापुरतं भात शेजाऱ्याकडून आणलं. जूनमध्ये मिठाच्या पाण्यात, दहा लिटरला ३०० ग्रॅम मीठ, ते बुडवलं, तरंगलेली पळंज काढून टाकली आणि राबात पेरलं. उगवण छान झाली. त्याबद्दल त्याने फोन केला नाही. चांगलं झालं की मामा फोन करत नाही.

आता बाल्कनीकडे येते. आमचं सध्याचं घर घोडबंदर रोडला, सहाव्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड करून. मे महिन्यात दुपारी दोननंतर तिथे कुंड्या भाजतात. एक दिवस पाणी घालायचं राहिलं तर तुळस मान टाकते, पण मरत नाही. माती कोरडी पडू लागली की झाडात ॲब्सिसिक आम्ल वाढतं, तेच, दाण्याला निजवणारं. पानांवरच्या बारीक रंध्रांच्या दोन्ही बाजूंच्या पेशी त्याचा निरोप घेतात, तीच आत्या, तीच सासू, तीच सून, आणि रंध्रं मिटतात. पाणी वाचतं. वाढही थांबते, कारण रंध्रं मिटली की हवेतला कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. मराठीत ‘तग धरणं’ हा शब्दप्रयोग आहे. झाडाच्या लेखी तग धरणं आणि निजणं या एकाच कपाटातल्या वस्तू आहेत. एम.एस्सी.ला आम्ही दोन वेगळी प्रकरणं म्हणून शिकलो, दोन वेगळ्या पेपरांत, आणि मधली भिंत आम्हाला कोणी दाखवलीही नाही, पाडलीही नाही.

भाताचंच बघा. पुरात बुडालं की बहुतेक भात पाण्यावर डोकं काढायला धडपडतं, लांबतं, साठा संपवतं आणि पाणी उतरल्यावर कोलमडतं. ओडिशातल्या एका जुन्या वाणातून निवडलेलं एफआर-१३ए मात्र पाण्याखाली स्वस्थ बसून राहतं, दोन आठवड्यांपर्यंत. २००६ साली त्यामागचा जीन सापडला, सब-१ए. तो काय करतो, तर जिबरेलिनचं ओढणं मानू देत नाही. हा जीन सुवर्णा या वाणात संकराने आणून केलेलं भात २००९ पासून भारतात लावलं जातं. बुडालेलं रोप, मेमधली तुळस आणि ओल्या लोंबीतला दाणा, तिघांपुढे प्रश्न एकच: आत्ता वाढायचं की थांबायचं.

दाणा थांबतो तेव्हा फार लांबवर जातो. अंगातलं पाणी दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली आणतो. आपल्या पेशींतलं पाणी इतकं गेलं तर प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळा होतील, पापुद्रे फाटतील. बी आधी तयारी करते. साखरा साठवते, आणि ‘एलईए’ नावाची प्रथिनं भरते. ती १९८०च्या सुमारास कापसाच्या बीत प्रथम लक्षात आली, बीच्या घडणीच्या अखेरीला भरपूर होतात म्हणून हे नाव. पाणी गेलं की पेशीतला रस साखरेसह काचेसारखा गोठतो, आणि प्रत्येक रेणू जिथल्या तिथे जपून ठेवला जातो, बांगड्या भुशात भरून पाठवाव्यात तसा. इस्रायलमधल्या मसादाच्या किल्ल्यात सापडलेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ साली उगवली, ती याच बळावर.

सगळ्यांना हे जमत नाही. आपल्या फणसाला नाही. आठळी वाळली की मेली. आंब्याच्या कोयीचं, कोकमाच्या बीचं तेच. नॉर्वेच्या बर्फात स्वालबार्डला २००८ पासून जगभरचं बियाणं उणे १८ अंशांत ठेवलेलं आहे, पण आठळीला तिथे जागा नाही, कारण न सुकता गोठली तर ती फुटेल आणि सुकवली तर आधीच संपेल. कोकणी झाडाला हे धोरण परवडतं. फणस पडतो तेव्हा पाऊस दाराशी आलेला असतो. वाट बघायची आहेच कोणाला?

आणि मग आमची खाडी. २०१५ साली ठाणे खाडीचा पट्टा फ्लेमिंगोंसाठी अभयारण्य झाला, २०२२ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. लोक ऐरोलीला हिवाळ्यात येतात, पक्षी बघायला. मी गेल्या सप्टेंबरात गेले, तिवरांची फळं बघायला. अण्णांनाही नेलं. त्यांना मुलुंड-भांडुपची मिठागरं आठवत होती, पांढरे ढीग आणि रेल्वेच्या खिडकीतून येणारा तो वास. तिवराचं एक पान तोडून मी त्यांना चाटायला लावलं. पानावर खारट पूड, झाड जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतं.

‘बीपीवाल्याला मीठ चाटवतेस,’ ते म्हणाले, पण पुन्हा चाटलं.

तिवराची फळं भरतीच्या रेषेवर लागलेली होती. साल गळून पडलेली, आत दोन जाड हिरव्या दली एकमेकींवर दुमडलेल्या. ही बी नव्हेच, झाडावरच उगवून ठेवलेलं रोप. कांदळ तर याच्याही पुढे जातं, त्याची हातभर लांब रोपं शेवग्याच्या शेंगांसारखी फांदीला लोंबतात. मामाच्या शेतात जे संकट होतं तो इथला रिवाज आहे. रोज दोनदा भरती येणाऱ्या खाऱ्या चिखलात निजून काय साधणार, पडल्या पडल्या मूळ रोवलेलं बरं. १९९८ साली फार्न्सवर्थ आणि फॅरंट या दोघींनी अशा झाडांच्या गर्भांतलं ॲब्सिसिक आम्ल मोजलं. झाडावरच न उगवणाऱ्या जातभाईंच्या मानाने ते कमी भरलं. विचार केला तर हे सोपं नाही. खाऱ्यात उभ्या राहिलेल्या झाडाला स्वतः तग धरायला हेच आम्ल लागतं. आईला ते हवं आणि लेकराला ते लागू द्यायचं नाही. एकाच अंगात, देठाच्या दोन टोकांना, दोन वेगळे कायदे.

मी हे अण्णांना सांगत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग आपल्या कुंडीतल्या सहांचं काय झालं?’

कुंडीचं असं झालं होतं. पहिल्या पावसाळ्यात दोन वर आले. मोजणी चुकू नये म्हणून शेंगा धरायच्या आत उपटून दुसरीकडे लावले. पुढच्या मेमध्ये कुंडी दुपारी हात लावता येणार नाही इतकी तापायची आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आणखी एक आला. त्याच्या पुढच्या वर्षी कोणीच नाही. मी माती उकरून बघणार होते, अण्णांनी उकरू दिली नाही. खडूचा आकडा पावसाने केव्हाच धुऊन गेला. अण्णा दर दोन-तीन महिन्यांनी तो गिरवतात, पुसून नवा लिहितात. सध्या तिथे ‘३’ आहे.

मिसळ अजून रविवारी होते. अण्णा आता घास तोंडात घेण्याआधी चमच्याने मटकी चाळून बघतात. ‘हा तुझा,’ म्हणतात आणि शिजलेला, खरं तर मेलेला, तरी टणक असा एखादा दाणा माझ्या ताटाच्या कडेला सरकवतात. शिजलेल्याचा उपयोग नाही हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. धुऊन, पुसून, जुन्या हिंगाच्या डबीत टाकते.